बाटली नंतर, आधी ब्लँक

पेट बाटली तपासायची म्हटलं की नवख्यांना आधी बिस्फेनॉल ए आठवतं. पेटमध्ये ते वापरतच नाहीत, ते शोधायचं पॉलिकार्बोनेटच्या जारमध्ये. पेटमध्ये बघायचं ते अँटिमनी हे मूलद्रव्य, कारण हे प्लास्टिक बनवताना अँटिमनी ट्रायऑक्साइड उत्प्रेरक म्हणून घालतात. दुसरं ॲसिटाल्डिहाइड. प्रीफॉर्म (जी फुगवून बाटली करतात ती जाड नळी) तयार होताना प्लास्टिक जास्त तापलं की ते वाढतं आणि पाण्याला फळासारखी गोडसर चव येते.

लॅबमध्ये रुजू झाल्यावर मात्र हातात बहुधा आयएस 9845 या भारतीय मानकाची एकूण मायग्रेशन चाचणीच येते, म्हणजे प्लास्टिकमधून आतल्या द्रवात एकूण किती उतरतं ते मोजायचं. साध्या पाण्याच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरायचं, आंबट पेयाच्या बाटलीत 3 टक्के ॲसेटिक ॲसिड. दीर्घ साठवणीसाठी 40 अंशांना 10 दिवस ठेवायचं. नंतर तो द्रव वजन केलेल्या डिशमध्ये आटवायचा, 100 अंशांच्या ओव्हनमध्ये सुकवायचा, डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोलायचा. 250 मिली आटवून 1.9 मिलिग्रॅम उरलं आणि ब्लँकमध्ये, म्हणजे बाटलीत न भरलेल्या त्याच द्रवात, 0.6, तर फरक 1.3, म्हणजे लिटरला 5.2 मिलिग्रॅम. मर्यादा लिटरला 60 मिलिग्रॅमची आहे.

आकडे इतके छोटे, म्हणून चुका मोठ्या दिसतात. डिश कोमट असताना तोलली तर तिच्याभोवतीची गरम हवा वर उठते आणि वजन कमी दिसतं. डेसिकेटरमधली ओलावा शोषणारी निळी सिलिका जेल गुलाबी झालेली असेल, तर डेसिकेटर ओलाच समजा. बोटाचा एक ठसाही वजनात येतो, डिश चिमट्यानेच उचला. आटवताना खळाखळा उकळू देऊ नका. शिंतोडे उडाले की तो नमुना गेलाच.

अँटिमनीचं काम आयसीपी-एमएसवर, म्हणजे मूलद्रव्यांचे अगदी सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर चालतं. युरोपीय महासंघाची मर्यादा किलोला 0.04 मिलिग्रॅम आहे. काही काचेतही अँटिमनी असतं, म्हणून नमुना 10 टक्के नायट्रिक ॲसिडने धुतलेल्या पॉलिप्रॉपिलिनच्या कुपीत घ्या. उष्णतेत ते जास्त सुटतं, तेव्हा बाटली कुठे आणि किती दिवस होती हे नोंदवहीत लिहाच. थॅलेट्सचं (प्लास्टिक मऊ करायला घालतात त्या रसायनांचं) अगदी उलट: तिथे काच हवी, प्लास्टिक नको. विनाइलचे हातमोजे, पंपाची नळी, कुपीच्या झाकणाचं अस्तर, यांतूनही थॅलेट येतं आणि जीसी-एमएसवर (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर) थॅलेटची खूण असलेलं 149 वस्तुमानाचं शिखर ब्लँकमध्येच उभं राहतं. असं दिसलं की वजाबाकी करून रिपोर्ट काढू नका. मोजे बदला, काचसामान पुन्हा धुऊन भट्टीत तापवा, आणि ब्लँक पुन्हा चालवा. तो स्वच्छ येईपर्यंत बाटलीचा नमुना फ्रीजमध्येच राहू दे.