होळीआधी हूडच्या मागच्या काचेची तयारी

होळीच्या आधीचा एखादा रविवार या कामाला ठेवा. सोलापुरात मार्चमध्येच ऊन चटके द्यायला लागतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आणि कापडी हूडच्या जीपमध्ये सगळ्यात आधी खराब होते ती मागची प्लास्टिकची काच. आपण काच म्हणतो, पण ती असते पीव्हीसीची पारदर्शक शीट, जाडी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. पीव्हीसी मुळात कडक. ते वळावं म्हणून त्यात मऊपणा आणणारं द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हानं ते हळूहळू उडून जातं, मग शीट पिवळी पडते, आकसते आणि शेवटी घडीवरच तडकते. ऊन आपल्या हातात नाही, पण ओरखडे आपल्याच हातानं पडतात. म्हणून सुरुवात धुण्यापासून.

कोरडं फडकं या काचेवर कधीही फिरवू नका. गड्ड्याच्या यात्रेहून परतल्यावर जीप धुळीनं माखली होती, आणि मी घाईत सीट पुसायच्या फडक्यानं काच दोनदा पुसली. तेव्हा काहीच दिसलं नाही. आठवड्यानं संध्याकाळी अक्कलकोटला निघालो, सूर्य पाठीमागे कलला होता, आणि आरशात काचेच्या जागी नुसता पांढरा पडदा. मागचा ट्रक हॉर्न वाजवेपर्यंत मला कळला नव्हता. त्या दिवसापासून मी हे काम दुसऱ्या कुणावर सोपवत नाही.

नळाला पाणी येण्याचा दिवस धरा, कारण बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे ठिपके सोडतं. सकाळी, सावलीत, आधी नुसतं पाणी सोडून माती वाहून जाऊ द्या. मग बादलीत गाडीच्या शाम्पूचे चार थेंब टाकून मऊ फ्लॅनेलनं वरून खाली सरळ हात फिरवा, गोल गोल नको. पुन्हा पाणी सोडा आणि कोरडं करताना कापड घासू नका, फक्त टिपा. घरातल्या काचा पुसायचा अमोनियाचा स्प्रे, पेट्रोल, थिनर यांतलं काहीही नको. शीट धुरकट झाली की परत निवळत नाही. पक्ष्यांची घाण वाळली असेल तर ओलं कापड दहा मिनिटं ठेवा, नखानं खरवडू नका.

हूड खाली करताना काचेच्या घडीत टॉवेल घालायचा. टेरी टॉवेलच्या गावात राहतो आपण, त्यामुळे शोधाशोध नाही, पण तो पांढराच घ्या आणि दोन-तीनदा धुऊन मग वापरा. सोलापुरी चादर घालायचा मोह होतो, मी घातलीही होती. पण गरम पीव्हीसी रंग ओढून घेतं आणि तो डाग निघत नाही. घडी टोकदार मोडू नका, टॉवेलची गुंडाळी करून तिच्यावरून काच गोलाईनं वळवा. काच धुळीची किंवा ओली असताना घडी करायचीच नाही.

वेळही महत्त्वाची. जानेवारीच्या थंड पहाटे शीट ताठ असते, तेव्हा जीप थोडा वेळ कोवळ्या उन्हात उभी करून मग घडी घाला. उलट मेच्या दुपारी ती इतकी मऊ होते की पडलेली वळी तशीच बसते. माझदा मियाटा या कापडी टपाच्या छोट्या स्पोर्ट्स गाडीच्या पहिल्या पिढीत, म्हणजे १९८९ च्या गाडीत, टप खाली करण्याआधी मागच्या प्लास्टिक खिडकीची चेन उघडून ती सपाट पसरायची पद्धत होती. दुसऱ्या पिढीत तिथे खरी काच आली. तुमच्या हूडला अशी चेन असेल तर तीही आधी उघडा. चेन अडकत असेल तर तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते, मेणबत्ती घासा.

हूडचे लोखंडी पाइप उन्हात तापतात आणि काच टेकली की तिथे तपकिरी पट्टा उमटतो. त्या जागी पांढऱ्या सुती निवारीची पट्टी गुंडाळून शिवून टाका. सन फिल्म आणि स्टिकर दोन्ही टाळा.

मग शिलाईवर बोट फिरवा. तडा बहुतेक वेळा टाक्याच्या भोकातूनच सुरू होतो. तिथे सेलोटेप लावून दिवस काढू नका, हूड शिवणाऱ्या कारागिराकडे लगेच जा. शीट पार धुरकट झाली असेल तर पूर्ण हूड बदलायची गरज नसते, शिवण उसवून तेवढी शीट बदलता येते. दोरा पॉलिएस्टरचा मागा, साधा सुती दोरा उन्हात कुजतो.

जीप लावताना मागची बाजू पश्चिमेकडे येऊ देऊ नका. कव्हर सुती असू द्या, रेक्झिन नको, आणि ते घालण्याआधी काच धुतलेली हवी, नाहीतर वाऱ्यानं कव्हर हलतं आणि खालची धूळ काचेवर रात्रभर घासत राहते.