साखर-तेलाचा हिशोब कसा मांडावा: किराणा यादीपासून सुरुवात

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीकडे ऊस दारात असतो, गुऱ्हाळातली काकवी बरणीत असते आणि फोडणीला शेंगतेल असतं. त्यामुळे 'साखर कमी करा, तेल कमी करा' हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो. घरात किती जातं हे मोजल्याशिवाय मात्र काहीच कमी होत नाही, म्हणून आधी मोजमाप.

दोन्हींची कामं वेगळी आहेत. 1 ग्रॅम साखरेतून 4 कॅलरी मिळतात, 1 ग्रॅम तेल-तुपातून 9. तेल-तूप शरीराला लागतंच. ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वं त्याच्याशिवाय नीट शोषली जात नाहीत. वरून घातलेल्या साखरेची तशी गरज नसते, कारण भाकरी, भात आणि फळांतून शरीर लागणारं ग्लुकोज बनवून घेतं.

पहिलं काम: महिन्याची यादी काढा. दिवसाला सुमारे 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसाने वरची साखर 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेल-तुपासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आखलेल्या ताटातला आकडा 27 ग्रॅम आहे. साखरेचा 25 ग्रॅमचा आकडा धरला, तर चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला साखर, गूळ आणि काकवी मिळून 3 किलो, आणि तेल, तूप, लोणी मिळून साधारण साडेतीन लिटर, एवढी ही मर्यादा होते. विकतची मिठाई, बिस्किटं आणि फरसाण याच हिशोबात धरायचं, म्हणून डब्यात येणारं सामान याहून कमीच हवं. मुलांचं प्रमाण आणखी कमी. दोन वर्षांखालच्या बाळाला वरची साखर देऊच नये.

चहापासून सुरू करा. सपाट चमच्यात 4 ग्रॅम साखर बसते, शीग लावली तर 5-6. कपाला दोन भरलेले चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे 40 ग्रॅम चहातच संपले. एकदम बंद केलेला गोडवा आठवड्यात परत येतो. त्यापेक्षा चार कपांच्या आधणात आठ चमचे पडत असतील, तर दर दहा दिवसांनी एक चमचा कमी करा. चाळीस दिवसांत साखर निम्मी होते आणि जिभेला ती सवय लागलेली असते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे साखरेऐवजी गूळ सढळ हाताने घालणं. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतेक भाग साखरच आहे. रक्तातली साखर तो वाढवतोच. काकवीचंही तेच. उसाच्या रसाच्या 200 मिलीच्या ग्लासातूनही 25 ग्रॅम किंवा जास्त साखर जाते. फळ चावून खाल्लं तर त्यातला चोथा साखरेचा वेग आवरतो. रसात तो चोथा राहत नाही.

तेल किटलीतून ओतू नका. सकाळी दिवसाचं तेल वाटीत मोजून काढा. चहाचा एक चमचा साधारण साडेचार ग्रॅमचा, म्हणजे माणशी सहा चमचे. भाजी करपेल या भीतीने जास्त तेल पडतं. जाड बुडाची कढई, मंद आच आणि पाण्याचा एक हबका यावर ते निभतं. मिरची भजी तळताना तेल पुरेसं तापलेलं हवं, नाहीतर पीठ तेल पीत राहतं. उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका. परत परत तापवलं की त्यात घातक संयुगं साचतात.

तेल कुठलं, यापेक्षा एकाच तेलावर न राहणं जास्त महत्त्वाचं. शेंगतेलाबरोबर आलटून पालटून करडईचं आणा. आपल्याकडची जवसाची चटणी तर ताटात रोज हवी, कारण ओमेगा-3 ही शरीराला लागणारी चरबी देणारं जवसासारखं शाकाहारी बी थोडंच आहे. भाकरीबरोबर एक चमचा पुरे. कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणीही चांगली, पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असते. म्हणून चटणीवर वरून आणखी तेल ओतू नका. तूप वर्ज्य नाही, पण त्यातली निम्म्याहून अधिक चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते. दिवसाला एक-दोन चमचे वरण-भातावर घ्यायचे असतील, तर तेवढे चमचे तेलातून कमी करा.

पाकीट उलटून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर, किंवा लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच पातळ रूपं पहिल्या तिघांत दिसली, तर ते पाकीट खाली ठेवा. 'लो फॅट' बिस्किटांत चव टिकवायला बऱ्याचदा साखर वाढवलेली असते. 'पार्शली हायड्रोजनेटेड' लिहिलेलं तेल तर टाळावंच. त्यातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक असते.

कुंदा आणि करदंट या इकडच्या मिठायांना घराबाहेर काढायचं कारण नाही. कुंद्यात खवा आणि साखर दोन्ही आहेत, म्हणून तो जेवणानंतर दोन चमचे वाटीत काढून घ्यावा आणि डबा लगेच आत ठेवावा. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाण्यात असा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. साखर कमी केल्यावर औषधाचा डोसही बदलावा लागू शकतो.