थायलंडच्या बेटांवर एकट्याने फिरताना या चुका टाळा

माझ्या उजव्या पोटरीवर रुपयाच्या नाण्याएवढा एक डाग आहे. स्कूटरच्या सायलेन्सरचा. को फांगान बेटावर जेमतेम सहा तासांपूर्वी ओळख झालेल्या एका मुलीने विचारलं, "मागे बसतेस? पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊन येऊ." आयुष्यात दोनदाच स्कूटर चालवलीय, हेही तिनेच हसत सांगितलं. मी पुण्यात पंधरा वर्षं दुचाकी चालवतेय. तरी "तू मागे बस, मी चालवते" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. नवीन ओळख, कशाला वाईटपणा घ्या! उतारावर वाळू होती, तिने पुढचा ब्रेक आवळला आणि आम्ही दोघी बैलगाडीच्या वेगाने आडव्या झालो. फार लागलं नाही, पण पाय तापलेल्या नळीखाली गेला. तिकडच्या बॅकपॅकर मंडळीत या डागाला 'थाई टॅटू' म्हणतात.

समुई, फांगान आणि ताओ ही थायलंडच्या आखातातली एका रांगेतली तीन बेटं मी दोन वेळा एकटीने फिरले. दोन्ही वेळच्या चुकांची यादी काढली, तर काही चुका घरून निघण्याआधीच्या आहेत आणि बाकीच्या सगळ्या भिडेपोटी केलेल्या. पहिल्या पैसे टाकून निस्तरता येतात. दुसऱ्यांसाठी आपल्याकडे म्हण आहेच, भीड ही भिकेची बहीण.

दिवाळीची सुट्टी बघून तिकीट काढणं

मराठी माणसाला सलग रजा मिळते ती दिवाळीत, आणि नेमका तोच काळ या तीन बेटांसाठी वाईट. थायलंडला दोन किनारे आहेत आणि दोन्हीकडचा पाऊस वेगळा. फुकेत, क्राबी, फी फी हा पश्चिमेचा अंदमान समुद्राकडचा भाग. तिथे आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस, साधारण मे ते ऑक्टोबर. आखाताच्या बाजूला मात्र जोर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. हेच वारे आपल्याकडे तमिळनाडूला पाऊस देतात. समुईवर सगळ्यात ओला महिना म्हणजे नोव्हेंबर. समुद्र खवळला की बोटींच्या फेऱ्या रद्द होतात, पाणी गढूळ होतं आणि डायव्हिंगची मजा जाते.

तेव्हा दिवाळीतच जायचं असेल, तर नोव्हेंबर उजाडल्यावर पश्चिम किनारा धरा. आणि आखातातच जायचं असेल, तर फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. जून ते ऑगस्टही चालतो. आपल्याकडे छत्र्या उलट्या होत असतात, तेव्हा समुईवर बऱ्यापैकी ऊन असतं.

दर दोन रात्रींना बेट बदलणं

पहिल्या खेपेला मी आठ दिवसांत तीन बेटं आणि बँकॉक बसवलं होतं. फेऱ्यांची तिकिटं, खोल्या, सगळं पुण्यातूनच ठरवलेलं. दर दुसऱ्या दिवशी पिशवी भरायची, धक्क्यावर रांगेत उभं राहायचं, छातीवर बेटाच्या नावाचा स्टिकर चिकटवून घ्यायचा. कुणाशी जरा सूर जुळतोय तोवर माझी बोट सुटायची.

ओळख व्हायला नुसता वेळ लागतो, दुसरं काही नाही. एका जागी चार रात्री राहिलात, तर तिसऱ्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर कुणीतरी आपणहून खुर्ची सरकवतं. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रींची खोली आणि परतीचं विमान एवढंच पक्कं ठेवा. मधलं मोकळं असू द्या.

मार्गाचं म्हणाल, तर समुईचं विमानतळ खासगी विमान कंपनीच्या मालकीचं आहे आणि तिकिटं बहुतेक वेळा महाग असतात. मुख्य भूमीवरच्या सुरत थानीला उतरून बसने दोनसाकचा धक्का आणि तिथून फेरी, हे स्वस्त पडतं. को ताओला थेट जायचं असेल, तर बँकॉकहून रात्रीच्या गाडीने चुंफोन गाठा. ताओ तिथूनच जवळ आहे. फक्त बेटावरून निघायची शेवटची फेरी आणि घरचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. मध्ये एक रात्र मुख्य भूमीवर काढा.

कुणीतरी येऊन बोलेल म्हणून बसून राहणं

हॉस्टेलमध्ये मी पहिली संध्याकाळ मोबाइलमध्ये डोकं घालून काढली. समोर सहा जण पत्ते खेळत होते. मला वाटलं, यांचा जुना ग्रुप असणार. दुसऱ्या दिवशी कळलं, सहाही जण एकेकटे आलेले आणि आदल्या दुपारी भेटलेले. ही गैरसमजूत आपल्या लोकांची फार असते. लग्नात कुणी आग्रह केल्याशिवाय पंगतीला न बसण्याची सवय इथे नडते. हॉस्टेलच्या ओसरीवर आग्रह कुणी करत नाही. खुर्ची ओढायची आणि "मलाही खेळायला घ्या" म्हणायचं, बस्स.

बोलायला विषय हवाच असेल, तर "आज कुठे गेला होतात?" हा प्रश्न पुरतो. पगार किती, लग्न झालं का, नाही तर का नाही, हे आपले एसटीतले प्रश्न पहिल्या तासात नकोत. भडंगाचं पाकीट मात्र जरूर न्या. मी टेबलावर भडंग ओतलं आणि शेंगदाणा निवडून खाण्यावरून एका ब्राझीलच्या मुलाशी भांडले. पुढचे चार दिवस आम्ही एकत्र फिरलो.

खोली निवडताना नुसता दर बघू नका. बसायला सामाईक जागा आहे का, संध्याकाळी एकत्र जेवण असतं का, हे पाहा. 'पार्टी हॉस्टेल' असं लिहिलेलं असेल, तर ते शब्दशः घ्या. पहाटे तीनपर्यंत ढोल वाजतात. डॉर्ममध्ये, म्हणजे अनेकांच्या सामाईक खोलीत, राहत असाल आणि पहाटेची बोट असेल, तर पिशवी रात्रीच भरून ठेवा. अंधारात प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चुरचुर सुरू केलीत, तर आठ अनोळखी लोक एकमताने तुमच्या विरोधात जातील. घरच्यांशी व्हिडिओ कॉल बाहेर जाऊन करा. कपाटाला लावायचं कुलूप घरूनच न्या.

आपली माणसं दिसली की टाळायची, किंवा फक्त त्यांच्यातच राहायचं, ही दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. दोन्हींत अर्थ नाही.

पाण्याखाली मराठीत बोलणं

को ताओ हे जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं बेट, पण स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणं, शिकायला जगभरातून माणसं तिथे येतात. एकट्याने आलेल्याला मित्र हवे असतील, तर यासारखी दुसरी युक्ती नाही. ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स तीन-चार दिवसांचा असतो, पाण्यात 18 मीटरपर्यंत खाली उतरायचं. पट्टीचं पोहणं लागत नाही. 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं जमलं पाहिजे.

उतरताना प्रत्येकाला एक जोडीदार मिळतो, त्याला बडी म्हणतात. बोटीवरून उडी मारण्याआधी दोघांनी एकमेकांची उपकरणं तपासायची असतात. जॅकेट फुगतंय का, वजनाचा पट्टा नीट आहे का, बकल लागलेत का, नळीतून हवा येतेय का. माझी बडी कोरियाची होती, इंग्रजी दोघींचंही यथातथाच. पण जिच्या टाकीची तोटी आपण हाताने फिरवून बघितली, तिच्याशी परकेपणा फार वेळ टिकत नाही.

पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे "छान" नव्हे. त्याचा अर्थ "वर चला." छानसाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. एक मोठा कासव दिसला आणि मी आनंदाने अंगठा दाखवला. बडी इमानदारीत वर निघाली, तिच्यामागे मी, आणि आम्हा दोघींमागे वैतागलेला शिक्षक.

दमा, कानाचं दुखणं, हृदयाचा त्रास असं काही असेल, तर तिथला आरोग्याचा फॉर्म भरताना अडचण येते, डॉक्टरांची सही लागते. ती घरूनच नेलेली बरी. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करा, कितीही मित्र जात असले तरी. कानावरचा दाब उतरत नाही आणि पडदा फाटू शकतो. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जाऊ द्या, 24 गेले तर उत्तमच.

सगळ्यांनी हो म्हटलं म्हणून हो म्हणणं

को फांगानच्या हाद रिन किनाऱ्यावरची फुल मून पार्टी बघायची तर बघा. पण तिथलं पेय बादलीत मिळतं. लहान मुलं वाळूत खेळतात तशी प्लॅस्टिकची बादली, तिच्यात दारूची चपटी बाटली, कोला आणि थाई एनर्जी ड्रिंक. चार जणांत एक बादली फिरते, त्यामुळे आपण किती प्यायलो याचा हिशेबच राहत नाही. प्यायचीच असेल तर आपल्या डोळ्यांसमोर बनवलेली, आपल्याच हातातली. बूट घाला, वाळूत काचा असतात. पेटलेल्या दोरावरून उड्या मारायचा खेळ लांबून बघा. तारीखही पंचांग पाहून गृहीत धरू नका. बौद्ध सणाशी गाठ पडली तर पार्टी एखाद-दुसऱ्या दिवसाने हलते.

ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, विकायला दिसत असली तरी. "कुणी काही करत नाही" असं सांगणारा मित्र पोलिसांनी पकडल्यावर शेजारी नसतो.

स्कूटरसाठी निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. 1000 रुपये शुल्क, वर्षभर चालतो. आपल्या लायसन्सवर दुचाकी असायला हवी. परवाना नसेल तर अपघातानंतर प्रवास विमा हात वर करतो, आणि तिथल्या खासगी रुग्णालयाचं बिल साधं नसतं. भाड्याने घेताना पासपोर्ट ठेवून घेऊ देऊ नका, रोख अनामत द्या. गाडीचा प्रत्येक ओरखडा मालकासमोर व्हिडिओत टिपा. मी एकदा हे केलं नाही आणि कधीच न पाडलेल्या ओरखड्याचे 2000 बाथ (थाई चलन) मोजले.

आणि बिल. आपल्याकडे "मी देतो, मी देतो" करत काउंटरवर झटापट होते. तिथे ज्याचं त्याने द्यायची रीत आहे. पहिल्या रात्री सगळ्यांचं भरलंत, तर दुसऱ्या रात्री कुणी तुमचं भरणार नाही, आणि तिसऱ्या रात्री तुम्ही उगाच धुसफुसत बसाल. बोट किंवा जीप मिळून करायची असेल, तर पैसे निघण्याआधी गोळा करा. कुणी कंजूष म्हणत नाही.

लहानसहान, पण नडणाऱ्या

शाकाहारी असाल तर नुसतं "नो मीट" सांगून भागत नाही. माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, बहुतेक सगळ्यात पडतं. पॅड थाई (नूडल्स) आणि सोम ताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) यांत सुकट असते. "मै साई नाम प्ला" (नाम प्ला घालू नका) पाठ करा, किंवा पिवळ्या फलकावर लाल थाई अक्षरांत 'जे' (เจ) लिहिलेली टपरी शोधा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासाच्याही पुढचं पाऊल.

एटीएम दरवेळी 200 बाथहून जास्त शुल्क कापतं, म्हणून थोडेथोडे काढू नका. यंत्राने रुपयांत हिशेब करून देऊ का विचारलं, तर नको म्हणा. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये शिरण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे आगमनाचा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ बनावट समजा.

आणि बिघडलंच तर

बोट चुकली किंवा रद्द झाली, तर धक्क्यावर डोकं धरून बसलेल्या दुसऱ्या प्रवाशाला गाठा. खोली आणि टॅक्सी दोघांत निम्म्यात पडते.

पासपोर्ट हरवला, तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत घेऊन बँकॉकमधला भारतीय दूतावास. पासपोर्टच्या पानांचे फोटो घरी कुणाकडे तरी ठेवून जा. पर्यटक पोलिसांचा नंबर 1155, रुग्णवाहिकेचा 1669.

जेलीफिश डसला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुईत आणि फांगानमध्ये बऱ्याच किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या असतात, त्या त्यासाठीच आहेत. व्हिनेगर भरपूर ओता आणि दवाखाना गाठा. आखातात बॉक्स जेलीफिश सापडतो आणि त्याच्या दंशाने माणसं दगावली आहेत, तेव्हा अंगावर काढू नका.

सोबत जड व्हायला लागली, तर कारणं शोधू नका. "उद्या मी एकटी फिरणार आहे" हे वाक्य तिकडे कुणालाही लागत नाही. सगळेच कधी ना कधी ते म्हणतात. मी चार दिवस धीर गोळा करून ते म्हटलं, तर समोरून आलं, "बरं, रात्री जेवायला आहेस ना?"

आणि सायलेन्सरने पोळलंच, तर 20 मिनिटं थंड वाहत्या पाण्याखाली पाय धरा, स्वच्छ पट्टी बांधा आणि जखम सुकेपर्यंत समुद्रात जाऊ नका. त्या दमट हवेत ती लवकर चिघळते. टूथपेस्ट लावू नका. मी लावली होती. त्या मुलीने स्वतःच्या पिशवीतून काढून दिली, आणि नको कसं म्हणायचं!