सिम्युलेटरमध्ये डॉगफाइट: स्टिक किती ओढायची आणि कधी ढील द्यायची

डॉगफाइटमध्ये, म्हणजे विमानांच्या जवळून होणाऱ्या झुंजीत, नवीन माणसाची चूक ठरलेली असते, शत्रू दिसला की स्टिक (विमान वळवायचा दांडा) पोटापर्यंत ओढायची. विमान वळतं खरं, पण स्पीड असा उतरतो की दोन गिरक्यांत तुम्ही कटलेला पतंग. माझं महिनाभर हेच चाललं होतं. तर आधी एवढंच लक्षात ठेवा, उंची म्हणजे एफडी आणि स्पीड म्हणजे खिशातली कॅश, एक मोडून दुसरं मिळतं.

समजा तुम्ही त्याच्या मागे आहात, तो गर्रकन डावीकडे वळला आणि तुमचा स्पीड इतका जास्त की आता तुम्ही त्याच्या पुढे जाणार, म्हणजे शिकारीची शिकार. इथे हाय यो-यो मारायचा. वळण जरा सैल करा, नाक वर घ्या, जास्तीचा स्पीड उंचीत जातो, मग वर गेल्यावर विमान त्याच्याकडे कलतं करून, काचेतून त्याला बघत बघत परत त्याच्या शेपटीमागे उतरा. नजर हलवायची नाही, स्पीड बघायला खाली मान घातली की तो गेलाच. आणि एक मोठा यो-यो मारण्यापेक्षा छोटे दोन बरे, फार वर गेलात तर तो निसटतो.

अंतर कमीच होत नसेल तर लो यो-यो, म्हणजे नाक त्याच्या वळणाच्या आत आणि खाली, स्पीड आला की वर. जमिनीजवळ हा प्रकार नको.

शत्रू मागे लागला तर सरळ पळू नका, त्याला आयता नेम मिळतो. त्याच्याच बाजूला जोरात वळायचं, हा ब्रेक टर्न. वेगात तो पुढे निघून गेला की लगेच विरुद्ध बाजूला वळा, इथून सिझर्स सुरू होतं, म्हणजे दोघेही आलटून-पालटून एकमेकांकडे वळत राहतात, आणि त्यात जो पुढे कमी सरकतो तो मागे राहून जिंकतो.

स्प्लिट-एस, म्हणजे उलटं होऊन खाली अर्धा लूप, फक्त भरपूर उंची असेल तरच.

जोरात वळताना स्क्रीन काळी पडायला लागली की स्टिकला ढील द्या. खऱ्या कॉकपिटमध्ये 9 जीला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोराला, 70 किलोचा माणूस 630 किलोचा होतो, रक्त डोक्यातून खाली उतरतं, म्हणून पायलट पाय-पोट आवळून दर तीन सेकंदांनी झटक्यात श्वास घेतात.

सुरुवातीला मिसाईल बंद, फक्त गन, 15,000 फुटांवरून, आणि समोरचं विमानही तुमच्यासारखंच घ्या.