लिलीपाँडला पट्टीचा पर्याय कसा जोडावा

ठाण्यात गणपतीच्या आधी वाद्यवृंदांच्या तालमी सुरू झाल्या की एकच गाणं कधी पांढरी एकमध्ये लागतं, कधी काळी चारमध्ये. पेटीवाला पट्टी सहज बदलतो. व्हायोलिन आणि कीबोर्डवाल्यांना मात्र स्टाफ नोटेशनचा (पाच रेघांवरच्या स्वरलिपीचा) नवा कागद लागतो. लिलीपाँड हे अशी स्वरलिपी छापणारं मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल, तर पट्टी कमांड लाइनवरूनच (टाइप केलेल्या आज्ञेतूनच) सांगता येते. खालची सगळी कोड-नावं टाइप करताना रोमन अक्षरांतच लिहा.

आधी गाणं 'सी'मध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये लिहून घ्या. 'की'ची, म्हणजे पट्टी दाखवणारी, ओळही त्यातच हवी, म्हणजे पट्टीबरोबर तीही बदलेल.

फाइलमध्ये व्हर्जनच्या ओळीखाली पाउंडचं चिन्ह (#) देऊन '(यूज-मॉड्यूल्स (गाइल-यूजर))' लिहा. कमांड लाइनवर दिलेली मूल्यं फाइलपर्यंत याच ओळीमुळे पोचतात.

मग गाण्याला ट्रान्सपोजमध्ये, म्हणजे पट्टी बदलणाऱ्या आज्ञेत, गुंडाळा. पहिला स्वर 'सी' आणि त्यापुढे अपॉस्ट्रॉफी. दुसऱ्या जागी पाउंड आणि '(एलवाय:मेक-पिच ० स्वर बदल)'. यातल्या 'स्वर' आणि 'बदल' यांच्या किमती कमांडमधून येतील. इथलं शून्य म्हणजे मध्य 'सी'पासूनचं सप्तक. अपॉस्ट्रॉफी राहिली तर आख्खं गाणं एक सप्तक वर छापलं जातं, म्हणून ही जागा दोनदा तपासा.

आता कमांड. लिलीपाँडनंतर '-ई' आणि अवतरणात '(डिफाइन-पब्लिक स्वर ५)', पुन्हा '-ई' आणि '(डिफाइन-पब्लिक बदल -१/२)', शेवटी फाइलचं नाव. स्वर ० ते ६, म्हणजे 'सी' ते 'बी'. ५ म्हणजे 'ए'. उणे अर्धा म्हणजे कोमल. काळी चार ही 'जी शार्प'ही आहे, पण 'जी शार्प मेजर'मध्ये डबल शार्प येतो आणि वाचणारा अडखळतो. 'ए फ्लॅट'ला चारच फ्लॅट लागतात, म्हणून तोच घ्या.

रोज एवढं टाइप करणं नको. लिनक्स किंवा मॅकवर छोटी शेल स्क्रिप्ट (शेल म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम) करा: 'काळी४' हा शब्द आला की ५ आणि -१/२, 'पांढरी५' आला की ४ आणि ०. स्क्रिप्टमध्ये '-ई'पुढचं अवतरण दुहेरीच हवं. एकेरीत शेल आपल्या व्हेरिएबलची किंमत भरत नाही. पट्टी न देता चालवलं तर स्क्रिप्टने थांबून पट्टी मागावी.

प्रत्येक पट्टीची पीडीएफ वेगळी राहावी म्हणून '-ओ' देऊन नावात पट्टी घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पाठवायचं असेल तर '--पीएनजी' आणि '-डीरेझोल्यूशन=३००' जोडा. मूळचं १०१ डीपीआय मोबाइलवर मोठं केलं की स्वर फुटतात.