फंक्शनला फंक्शन कसं पाठवायचं: मराठी शब्द सॉर्ट करता करता

पायथॉनमध्ये मराठी शब्दांची यादी सॉर्ट करून बघा. कवठ, कळस, कमळ, कसर, कलम असे पाच शब्द एका यादीत टाका आणि सॉर्टेड(यादी) चालवा, उत्तर येतं कमळ, कलम, कळस, कवठ, कसर. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे कळस सगळ्यात शेवटी पाहिजे, पण पायथॉन बघतं युनिकोडचे (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले) नंबर आणि तिथे ळ ला ल च्या लगेच पुढे बसवलंय, व च्या आधी. आता सॉर्टेडच्या आत जाऊन हे बदलायची काही गरज नाही, कारण त्यात की नावाचं एक आर्ग्युमेंट (फंक्शनला देतो ती किंमत) आहे आणि त्यात आपण आपलं स्वतःचं फंक्शन देऊ शकतो.

डेफ मराठी_की(शब्द):
    रिटर्न शब्द.रिप्लेस('ळ', 'हॿ')

सॉर्टेड(यादी, की=मराठी_की)

(कोड मी देवनागरीत लिहिलाय, तुम्ही डेफ, रिटर्न, की, आकडे वगैरे इंग्रजी अक्षरांत टाइप करा. मराठी_की, यादी, शब्द ही नावं मात्र पायथॉन ३ मध्ये अशीच्या अशी चालतात, आणि मला तर ती अशीच ठेवायला आवडतात.)

ॿ हे अक्षर सिंधीसाठी आहे, आपण ते वापरत नाही, पण युनिकोडच्या देवनागरी टेबलमध्ये ते सगळ्यात शेवटी आहे म्हणून हॿ हे ह च्या कुठल्याही नेहमीच्या शब्दानंतरच येणार. मूळ शब्द बदलत नाहीत बरं का. सॉर्टेड प्रत्येक शब्दासाठी आपलं फंक्शन एकदा चालवतं, जे परत येतं त्यावरून क्रम लावतं आणि आपल्याला मूळ शब्दच परत देतं, आता कळस शेवटी. जोडाक्षरं, अनुस्वार सगळंच काटेकोर हवं असेल तर पायआयसीयू लायब्ररी घ्या, तिथेही कोलेटर (भाषेनुसार क्रम ठरवणारं ऑब्जेक्ट) बनवून की=कोलेटर.गेटसॉर्टकी असंच द्यायचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. की=मराठी_की लिहिलंय, पुढे कंस नाहीत. नुसतं नाव लिहिलं की फंक्शन स्वतः पाठवलं जातं, कंस लावले की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि त्याचं उत्तर पाठवलं जातं. मराठी_की() लिहिलंत तर एक आर्ग्युमेंट कमी आहे म्हणून लगेच टाइपएरर येईल. मराठी_की('कळस') लिहिलंत तर ते चालेल, त्यातून एक स्ट्रिंग (अक्षरांचा मजकूर) येईल, ती स्ट्रिंग सॉर्टेडकडे जाईल आणि मग एरर येईल की 'एसटीआर' ऑब्जेक्ट कॉलेबल नाही, म्हणजे स्ट्रिंग फंक्शनसारखी चालवता येत नाही. कॉलेबल नाही असं कुठेही दिसलं की आधी कंस तपासा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टच्या सेटटाइमआउटमध्ये (ठराविक वेळाने फंक्शन चालवणारं) तर हे आणखी फसवं, कारण कंस लावले तर एरर पण येत नाही, फंक्शन न थांबता लगेच चालून जातं आणि आपण टायमर का चालत नाही म्हणून शोधत बसतो.

दुसऱ्याच्या फंक्शनला आपलं फंक्शन देणं हे अर्धं झालं, आता फंक्शन घेणारं फंक्शन आपण लिहू, त्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही.

डेफ गट_पाड(यादी, कशावरून):
    गट = {}
    फॉर शब्द इन यादी:
        गट.सेटडिफॉल्ट(कशावरून(शब्द), []).अपेंड(शब्द)
    रिटर्न गट

सेटडिफॉल्ट म्हणजे तो गट अजून नसेल तर तिथे रिकामी यादी ठेवणं. कशावरून हे साधं पॅरामीटर आहे, फक्त आत त्याच्यापुढे कंस लावलेत, म्हणजे चालवायचं काम गट_पाड करतं आणि कधी, किती वेळा हेही तेच ठरवतं. गट_पाड(यादी, लेन) दिलं तर लांबीवरून गट पडतात. (लेन कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचे एकेक नंबर मोजतं, त्यामुळे कोळसा आपल्याला तीन अक्षरी वाटला तरी तिथे ५ येतात, मात्रा वेगळ्या धरल्या जातात.) पहिल्या अक्षरावरून गट हवेत तर एवढ्यासाठी वेगळं डेफ कशाला, लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) वापरा: गट_पाड(यादी, लॅम्डा श: श[०]). पण लॅम्डा एका ओळीत वाचून कळत नसेल तर सरळ नाव देऊन फंक्शन लिहा, उगाच लांबवू नका.

लूपमध्ये लॅम्डा बनवताना जपा. फॉर अक्षर इन 'कखग' असा लूप चालवून आत लॅम्डा श: श.स्टार्ट्सविथ(अक्षर) अशी तीन फंक्शनं यादीत साठवली आणि लूप संपल्यावर चालवली, तर तिन्ही ग च शोधतात, कारण अक्षरची किंमत फंक्शन चालताना बघितली जाते, बनवताना नाही, आणि तोवर लूप ग वर संपलेला असतो. उपाय सोपा आहे, लॅम्डा श, अक्षर=अक्षर: असं लिहा, डिफॉल्ट किंमत बनवतानाच पकडली जाते. नाहीतर फंकटूल्समधलं पार्शियल (फंक्शनची काही आर्ग्युमेंट आधीच भरून ठेवणारं) वापरा.

शेवटचं म्हणजे समोरचं फंक्शन आपल्या फंक्शनला किती आर्ग्युमेंट देणार हे डॉक्युमेंटेशनमध्ये बघितल्याशिवाय काहीही पाठवू नका. जावास्क्रिप्टमध्ये एक, दोन, तीन हे आकडे स्ट्रिंग म्हणून यादीत घ्या आणि मॅप(पार्सइंट) करा, येतं एक, नॅन, नॅन (नॅन म्हणजे 'संख्या नाही'). मॅप तीन गोष्टी देतं, घटक, त्याचा इंडेक्स आणि अख्खी यादी, आणि पार्सइंटचं दुसरं आर्ग्युमेंट आहे संख्येचा पाया, म्हणजे इंडेक्सच पाया म्हणून जातो. पाया ० असला तर तो १० धरतं म्हणून पहिलं बरोबर येतं, पाया १ चालतच नाही, आणि पाया २ मध्ये तीन हा अंकच नसतो. तिथे पार्सइंट थेट न देता मधे एक छोटं फंक्शन ठेवा जे फक्त घटक घेईल आणि पार्सइंट(घटक, १०) परत देईल.