मध्यममार्गी थिंक टँकमागं माणसं कोण आणि पैसा कुणाचा, हे बेळगावात बसून कसं शोधायचं

आपल्या भागावर हल्ली रिपोर्ट लई येतात बघा. कधी इथेनॉलवर, कधी म्हादईच्या पाण्यावर, कधी निपाणीच्या तंबाखूवर, मधूनच सीमाप्रश्नावर पण. खाली लिहिलेलं असतं 'स्वतंत्र, निष्पक्ष, मध्यममार्गी संशोधन संस्था', म्हणजे धोरणावर रिपोर्ट काढणारी थिंक टँक, मग पेपरवाले त्यातली दोन वाक्यं उचलतात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडवरच्या चहाच्या गाड्यावर तेच आकडे ब्रह्मवाक्य असल्यासारखे फिरायला लागतात. ऊस घालणारा माणूस काट्यावर कोण बसलंय ते बघितल्याशिवाय वजन खरं धरत नाही, मग रिपोर्टच्या बाबतीतच आपण एवढे भोळे का?

आधी त्या 'मध्यममार्गी' शब्दावर वेळ घालवू नका. सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं १९६७ ला मधलाच मार्ग काढला होता की, २६४ गावं महाराष्ट्राला द्या, २४७ कर्नाटकाला द्या, बेळगाव आहे तिथंच राहू दे. महाराष्ट्र मागत होता ८१४. कर्नाटकानं ते मान्य केलं, महाराष्ट्रानं फेटाळलं, आणि खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. म्हणजे एकाला जे मध्य वाटतं ते दुसऱ्याला एक टोकच वाटतं. त्यामुळं संस्था खरंच मध्यावर आहे का यावर भांडत बसण्यापेक्षा सरळ दोन गोष्टी काढा: चालवतंय कोण, आणि पगार कुठून होतात.

पहिलं काम म्हणजे संस्थेचं कागदावरचं नाव शोधायचं, कारण बोर्डावरचं नाव आणि रजिस्टर झालेलं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च घ्या, संसदेतल्या विधेयकांवर काम करणारी, तिचं रजिस्टर नाव आहे इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी रिसर्च स्टडीज, आणि ती सुरू झाली होती दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चच्या आत. ब्रुकिंग्स इंडिया २०१३ ला आली आणि २०२० मध्ये तीच सेंटर फॉर सोशल अँड इकॉनॉमिक प्रोग्रेस झाली. नुसतं पाटीवरचं नाव शोधलं तर अर्धा इतिहास हातातून जातो. रजिस्टर नाव कुठं मिळतं? साइटच्या एकदम तळाला, प्रायव्हसी पॉलिसीत, नाहीतर देणगीची पावती किंवा बँक खात्याचं नाव दिलेलं असतं तिथं. देणगी मागताना खोटं नाव देऊन चालत नाही ना, म्हणून ती जागा सगळ्यात भरवशाची.

नाव मिळालं की संस्था कुठल्या कायद्याखाली आहे ते बघा, कारण पुढची सगळी वाट त्यावर ठरते.

कंपनी असेल (सेक्शन ८ ची, म्हणजे नफा वाटून न घेणारी) तर सगळ्यात सोपं. कंपनी खात्याच्या एमसीए पोर्टलवर जायचं, लॉगिन करायचं, मास्टर डेटा काढायचा. तिथं २१ अक्षरांचा सीआयएन नंबर (कंपनीचा ओळख नंबर) दिसेल, त्यातच राज्य (केए, एमएच, डीएल), स्थापनेचं वर्ष आणि एनपीएल अशी तीन अक्षरं असतात, एनपीएल दिसलं की ना-नफा कंपनी समजायची. डायरेक्टरांची नावं आणि त्यांचे डीआयएन नंबर (प्रत्येक डायरेक्टरचा ओळख नंबर) तिथंच मिळतात. आता मजा इथं आहे, डीआयएनवरून तो माणूस आणखी कुठल्या कंपन्यांवर आहे ते कळतं. रिपोर्ट साखरेच्या दरावर असेल आणि पाचपैकी तीन डायरेक्टर साखर नाहीतर डिस्टिलरीच्या कंपन्यांवर असतील तर मला पुढचं वाचायच्या आधीच बरंच काही समजलेलं असतं. १०० रुपये भरले की कंपनीनं दाखल केलेले कागद बघायला मिळतात. त्यात एओसी-४ म्हणजे हिशेब आणि एमजीटी-७ म्हणजे वार्षिक रिटर्न, हे दोन उतरवून घ्या, बाकीच्यात वेळ घालवू नका.

सोसायटी किंवा ट्रस्ट असेल तर मात्र चप्पल झिजवायला लागते, आणि इथं आपल्या सीमाभागाची खासियत आडवी येते. संस्था महाराष्ट्रात नोंदलेली असेल, म्हणजे कोल्हापूर, पुणे, मुंबई, तर ती धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीत, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. नंबर एफ किंवा ई ने सुरू होतो, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, दरवर्षी ऑडिट जातं, आणि एकाच ऑफिसात सगळं सापडायची शक्यता असते. कर्नाटकात असं एकच ऑफिस नाही. सोसायटी १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली, फाईल सहकार खात्याकडच्या जिल्हा निबंधकाकडं, ट्रस्ट असेल तर डीड सब-रजिस्ट्रारकडं. बेळगावात कार्यक्रम करणारी संस्था चंदगडला नोंदलेली असू शकते आणि कोल्हापुरात बोलणारी संस्था बेंगळुरूला. आधी नोंदणी कुठं ते बघा, मगच बस पकडा.

फाईल बघायला देत नसतील तर माहिती अधिकार आहेच. इथं तीन गोष्टी लक्षात ठेवा. कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळं पानभर कैफियत लिहू नका. फी १० रुपये. आणि भाषा: कायदा म्हणतो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, म्हणजे आपल्याकडं कन्नड. मराठीत लिहून भाषेवरच वाद ओढवून घ्यायचा असेल तर तो वेगळा लढा झाला, कागद हवे असतील तर इंग्रजीत चार ओळी लिहा. अर्ज थिंक टँकला नाही तर निबंधक कार्यालयाला करायचा, कारण खाजगी संस्था सहसा माहिती अधिकारात येत नाही. सरकारी पैसा भरघोस मिळत असेल तर संस्था पण येते, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेजच्या प्रकरणात तसं सांगितलंय, पण ते सिद्ध करण्यात तुमची वर्षं जातील. 'अमुक सोसायटीची मागच्या तीन वर्षांची कार्यकारी मंडळाची यादी आणि ऑडिट झालेला ताळेबंद यांच्या प्रती द्याव्यात', बास, एवढंच.

आता पैसा. ताळेबंद हातात आला की लोक एकदम शेवटचा आकडा बघतात, त्याचा काही उपयोग नाही. उत्पन्नाच्या बाजूला किती ओळी आहेत ते बघा. देणग्या वेगळ्या, ठरावीक प्रोजेक्टसाठी आलेली ग्रँट वेगळी, कॉर्पस (न मोडता कायम ठेवलेला निधी) वेगळा, त्यावरचं व्याज वेगळं, आणि 'प्रोफेशनल फी' किंवा 'कन्सल्टन्सी' वेगळी. कॉर्पसच्या व्याजावर चालणारी संस्था थोडी तरी मोकळी असते. जिचं सत्तर-ऐंशी टक्के उत्पन्न कन्सल्टन्सीचं आहे ती माझ्या मते थिंक टँक नाहीच, ती रिपोर्ट लिहून देणारी एजन्सी, मग साइटवर काहीही लिहू देत. नोट्स टू अकाउंट्स नावाचा कंटाळवाणा भाग असतो तो नक्की वाचा, रिलेटेड पार्टीचे, म्हणजे संस्था चालवणाऱ्यांच्याच माणसांशी नाहीतर कंपन्यांशी झालेले व्यवहार तिथंच असतात.

देणगीदारांची नावं मात्र या कागदात बहुतेक नसतातच. देणगीदार कोण हे आयकर खात्याला १०बीडी फॉर्ममधून कळवलेलं असतं, पण ते तुम्हा-आम्हाला बघायला मिळत नाही. मग उलट्या बाजूनं जायचं: घेणाऱ्याकडं नाव नसलं तरी देणाऱ्याकडं असतं. पाच कोटींच्या वर नफा, किंवा हजार कोटींच्या वर उलाढाल, किंवा पाचशे कोटींच्या वर नेटवर्थ असलेल्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामावर, खर्च करायला लागतात, आणि मंजूर प्रोजेक्ट आपल्या साइटवर टाकायला लागतात. सरकारचं सीएसआर पोर्टल पण आहे. त्यात 'धोरण संशोधन' असा रकाना सापडणार नाही कारण कायद्याच्या यादीत तो विषयच नाही, 'शिक्षण' किंवा 'ग्रामीण विकास' खाली शोधा. माझा अनुभव असा की थिंक टँकचं नाव टाकून शोधण्यापेक्षा तिच्या डायरेक्टरांच्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडले की लवकर सापडतं.

परदेशी पैसा असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. संस्थेला गृहखात्याची नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला लागतो, आणि दरवर्षी एफसी-४ रिटर्न भरायला लागतं. पूर्वी ही रिटर्न गृहखात्याच्या साइटवर सहज दिसायची, जुलै २०२२ मध्ये बराच डेटा तिथून काढला. तेव्हा संस्थेच्या स्वतःच्या साइटवर बघा, नसेल तर मेल करून मागा. आणि एक सांगतो, एफसीआरए रद्द झालं म्हणजे संस्था चोर असं लगेच धरू नका. १९७३ पासून चालत आलेल्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चची नोंदणी फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थगित झाली, जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली, त्यामागं काय होतं यावर लोकांची मतं दोन टोकांना आहेत. आपल्याला त्यातून एवढंच नक्की कळतं की एकाच प्रकारच्या पैशावर बरीच भिस्त असली की तो बंद झाल्यावर संस्थेचं काय होतं.

अमेरिकेतल्या संस्थेचा रिपोर्ट असेल तर काम उलट सोपं होतं. तिथं ना-नफा संस्थेला फॉर्म ९९० भरायला लागतो आणि तो प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर साइटवर फुकट दिसतो, वरच्या अधिकाऱ्यांचे पगार सुद्धा. देणगीदारांची नावं तिथं पण झाकलेली असतात, मग खाजगी फाउंडेशनचा ९९०-पीएफ काढायचा, त्यात त्यांनी कुणाला किती दिले ते लिहिलेलं असतं. परत तेच, देणाऱ्याच्या बाजूनं. मध्यममार्गी म्हटल्यावर तिकडं पहिलं नाव निघतं थर्ड वे चं, २००५ ला वॉशिंग्टनमध्ये जोनाथन कोवन, मॅट बेनेट, जिम केसलर वगैरेंनी काढलेली, डेमोक्रॅटिक पक्षाला मधे धरून ठेवायचं म्हणणारी. ट्रस्टी मंडळात फायनान्स आणि इन्व्हेस्टमेंटवाल्यांचा भरणा. डिसेंबर २०१३ मध्ये कोवन आणि केसलरनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये त्याच पक्षाच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरेन यांच्या आर्थिक भूमिकेवर टीका करणारा लेख लिहिला, तर वॉरेनबाईंनी लेखाला उत्तर देत बसण्यापेक्षा मोठ्या बँकांच्या प्रमुखांनाच पत्र लिहून विचारलं, तुम्ही थिंक टँकना किती पैसे देता ते जाहीर करा. मला ही पद्धत लई आवडते.

उघडपणे सांगणारे पण आहेत हं. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर गव्हर्नमेंटचा मुख्य पैसा लॉर्ड सेन्सबरींच्या गॅट्सबी फाउंडेशनचा, ते लपवत नाहीत. आपल्याकडं ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन १९९० पासून, रिलायन्सचा मोठा आधार, आणि देणगीदारांची यादी स्वतः साइटवर टाकतात. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट १९३० ला रावबहादूर काळे यांच्या देणगीतून उभी राहिली हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यामुळं तिथल्या कामाची किंमत काही कमी झाली नाही. (गोखले म्हणजे मवाळ, आजच्या भाषेत मध्यममार्गीच की. टिळकांची होमरूल लीग १९१६ ला आमच्या बेळगावात निघाली, त्यामुळं आमच्यात मवाळ म्हटलं की अजून लोक जरा तिरकं बघतात.)

पैसा कळला म्हणून रिपोर्ट खोटा ठरत नाही. पैसेवाल्याचा धंदा आणि रिपोर्टचा विषय एकमेकांना कुठं शिवतात तेवढंच बघायचं. निपाणीकरांनी फाउंडेशन फॉर अ स्मोक-फ्री वर्ल्ड आठवावी, नाव धूम्रपानमुक्तीचं, पण २०१७ ला उभी राहिली ती फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या पैशावर. अशा संस्थेनं मलेरियावर लिहिलं तर मी निवांत वाचेन, तंबाखूवरच्या कराबद्दल लिहिलं तर प्रत्येक तक्त्याखालची तळटीप बघेन. तसंच साखर कारखान्यांच्या पैशावर चाललेल्या संस्थेनं एफआरपीवर (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) लिहिलं तर, आणि शेतकरी संघटनेच्या पैशावर चाललेल्या संस्थेनं लिहिलं तरी.

यातलं काही जमलं नाही तर सेमिनारला जाऊन बसा, प्रश्नोत्तरात माईक घ्या आणि भाषण न करता विचारा, 'हा रिपोर्ट करायला खर्च कुणी केला, आणि छापायच्या आधी त्यांना दाखवला होता का?' दुसरा अर्धा भाग विसरू नका, पहिल्याचं उत्तर ते पाठ करून आलेले असतात. 'मेल करा, कळवतो' म्हणाले तर त्याच दिवशी मेल करा. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, तिथंही जमलं नाही तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडं दुसरं अपील, त्याचं पीठ बेळगावात पण आहे, बेंगळुरूला जायची गरज नाही.